स्टेशनजवळचा प्लॉट

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त घरचंच आहे.

आमच्या पुतणीला नागपुरात प्रवेश मिळाला आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस एकच विषय चालला: पोरगी उमरखेडहून नागपूरला ये-जा करणार कशी? अर्थात बसनं. दुसरं आहे काय? पण मधेच कुणीतरी ते जुनं वाक्य टाकलंच. "एवढी दोन-तीन वर्षं काढा, मग काय, रेल्वेच आहे."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ही पुतणी नुकती रांगायला लागली होती. म्हणजे पोरगी आणि रेल्वे, दोघी जवळपास एकाच वयाच्या. पोरगी बारावी होऊन वसतिगृहात राहायला निघाली. दुसरीचं काय झालं ते आज सांगतो.

आधी उमरखेड कुठं आहे ते. या ब्लॉगवर येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना मी यवतमाळ जिल्हा म्हटलं की ते "अच्छा, विदर्भ" म्हणतात, आणि मी नांदेडला गाडीतून उतरतो म्हटलं की गोंधळतात. गंमत तिथंच आहे. आमचा जिल्हा यवतमाळ, ते शंभरावर किलोमीटर. नांदेड त्याहून जवळ, पाऊणशे किलोमीटर. दवाखाना नांदेडला, पोरांचे क्लास नांदेडला, लग्नाचा बस्ता नांदेडला, हळद विकायची तर नांदेड, वसमत नाही तर हिंगोली. सातबारा, कलेक्टर आणि कोर्टकचेरीसाठी मात्र यवतमाळ. मधे पैनगंगा. एके काळी नदीच्या अलीकडे इंग्रजांच्या कारभारातला वऱ्हाड आणि पलीकडे निजामाचं राज्य होतं. आता दोन्हीकडे महाराष्ट्र आहे, पण इसापूर धरणातून पाणी सोडलं आणि मार्लेगावच्या पुलाशी नदी चढली की अजूनही दोन राज्यांची शीव असल्यासारखं वाटतं. अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे.

आणि रेल्वे नाही. कधीच नव्हती.

माझे बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. वर्गात महाराष्ट्राचा रेल्वे नकाशा लावला की कुणीतरी पोरगा विचारणारच, "सर, आपल्या गावाले रेल्वे काहून नाही?" बाबा त्यावर नकाशात बोट फिरवून दाखवत. पश्चिमेला अकोला-वाशिम-हिंगोली-पूर्णा. दक्षिणेला पूर्णा-नांदेड-मुदखेड. तिथून भोकर, हिमायतनगर, किनवट करत आदिलाबादकडे जाणारी लाइन. वर उत्तरेला बडनेरा-वर्धा, मुंबई-हावड्याची मोठी लाइन. बोट फिरून परत अकोल्याला आलं की म्हणत, "रेल्वे आपल्या गावाले नाही, गावाभोवताल आहे." पोरं हसायची. पण नकाशा खरंच तसा आहे, बघा कधी. मधोमध एक मोठं रिकामं भगदाड आणि त्यात दारव्हा, दिग्रस, पुसद, महागाव, उमरखेड, हदगाव. दारव्ह्याला निदान शकुंतला तरी होती, मूर्तिजापूर-यवतमाळची ती अरुंद गाडी. किलिक निक्सनवाल्यांनी इंग्रजांच्या काळात वऱ्हाडातला कापूस बाहेर काढायला टाकलेली. तिला १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. स्वातंत्र्यानंतरही मार्गाची मालकी खासगी कंपनीकडे आणि चालवायला सरकार, असा विचित्र कारभार तिनं पिढ्यान्‌पिढ्या सोसला. आता तीही बंद आहे.

भगदाडातलं सगळ्यात मजेशीर गाव पुसद. आमच्या शेजारचं. या एका तालुक्यानं महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५, एवढा काळ सलग कुणालाच ती खुर्ची मिळाली नव्हती. आणि १९९१ ते १९९३ सुधाकरराव नाईक. धरणं झाली, रस्ते झाले, पोफाळीला साखर कारखाना झाला. रेल्वे झाली नाही, कारण रेल्वे मुंबईतून होत नाही, दिल्लीतून होते. हे बाबा नेहमी सांगत. आणि दिल्लीत आमचं कोण?

तर दर वर्षी फेब्रुवारीत आमच्या घरी रेल्वे अर्थसंकल्पाचा दिवस हा सणासारखा असे. बाबा शाळेतून लवकर येत, रेडिओ अंगणातल्या खाटेवर ठेवत, हातात कागद-पेन्सिल. नव्या गाड्या, नवे मार्ग, सर्वेक्षणं. सर्वेक्षण हा शब्द मी बाराखडीनंतर लगेच शिकलो असेन. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळा ठरलेला: महाराष्ट्राच्या तोंडाला पाने पुसली. त्या मथळ्याचा ठसा छापखान्यात वर्षभर जपून ठेवत असावेत असा माझा समज होता. (२०१७ पासून वेगळा रेल्वे अर्थसंकल्पच बंद झाला. बाबांचा एक सण गेला.)

मग २००८ आलं. २६ फेब्रुवारी, मंगळवार. लालूप्रसाद यादवांचा अर्थसंकल्प. वर्धा-नांदेड, व्हाया यवतमाळ-पुसद, नवा मार्ग. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. बाबांचा फोन आला तर पलीकडून दोन मिनिटं नीट बोलणंच येईना. दिल्लीत पाठपुरावा करणाऱ्यांत राज्यसभेतले विजय दर्डा होते, ते यवतमाळचे. राज्य सरकारनं खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचा, उरलेला केंद्राचा, असं ठरलं. २०० नाही, २५० नाही, २८४ किलोमीटरची लाइन! आणि पुढच्या वर्षी लोकसभेच्या निवडणुकीआधी भूमिपूजनही झालं. बाबांनी शाळेच्या जुन्या ॲटलासमध्ये तांबड्या पेन्सिलीनं रेघ मारली. वर्धा, देवळी, कळंब, यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, हदगाव, नांदेड. भगदाडाच्या बरोबर मधून.

खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला होता. नांदेडहून नागपूरला रेल्वेनं अकोल्यावरून जायचं तर आधी उलट पूर्णेला, तिथून हिंगोली-वाशिम-अकोला, मग बडनेरा-वर्धा. अर्धं वर्तुळच. ही लाइन झाली तर तो शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा वाचतो. दक्षिणेतून उत्तरेकडे जायला एक वेगळी वाट मिळते. म्हणजे ही फक्त आमच्या पोरीबाळींच्या सोयीची गोष्ट नव्हती, मालगाड्यांच्याही फायद्याची होती. कागदावर तरी वेडेपणाचं काहीच नव्हतं.

पण मला सांगायचंय ते पुढचं. लाइन यायच्या आधी तिची रेघ येते. आणि ती रेघ माणसांच्या आयुष्यात काय काय करते हे पेपरात येत नाही.

आमचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, शेती बघायचे. गावाबाहेर सात एकर. मंजुरीनंतर दोन-तीन वर्षांनी शिवारात मोजणी करणारी माणसं दिसली, कुणाच्या धुऱ्यावर खुंट, कुणाच्या बांधावर चुन्याची खूण. आमच्याही एका कोपऱ्यात कुणीतरी दुर्बीण लावून उभं राहिलं, एवढंच. त्या वर्षी मोठ्या बाबांनी विहीर खोदायचं ठरवलं होतं. जागा दाखवून झाली होती, पैसे जमवून झाले होते. त्यांनी बेत रद्द केला.

"लाइन आली त विहीर बुजवा लागंन. मंग कायले पैसा घाला?"

मोठी आई म्हणाली, "रेल्वे येईन तवा येईन. पाणी त आज पाह्यजे."

पण घरात शेवटचा शब्द कुणाचा ते तुम्हाला माहीत आहे. एक वर्ष थांबू, मग आणखी एक वर्ष. दर निवडणुकीला वाटे, आता काम सुरू होणार, आता मोजणी पक्की होणार, मग बघू. आजूबाजूला इसापूरच्या कालव्यावर ऊस होत होता, हळद होत होती, नदीपलीकडे अर्धापूरकडे तर केळीच केळी. आणि आमच्या सात एकरात पावसावरचा कापूस, सोयाबीन, तूर. मोठे बाबा २०१७ साली गेले. पुढे मार्ग पक्का झाला तेव्हा कळलं की तो आमच्या शेतातून जातच नाही, पलीकडच्या शिवारातून जातो. दादानं २०१९ च्या उन्हाळ्यात त्याच जागी विहीर खोदली. बेचाळीस फुटांवर पाणी लागलं. पहिली हळद काढली त्या दिवशी मोठी आई कुणाशी काही बोलली नाही, असं वहिनी सांगते.

आता यात दोष कुणाचा? कुणाचाच नाही. त्यांना कुणी "विहीर खोदू नका" असं लिहून दिलं नव्हतं. आश्वासन देणाऱ्यानं रेल्वेचं दिलं होतं, विहिरीचं नाही. पण आमच्या घराच्या हिशेबात ती सात-आठ कोरडी वर्षं या रेल्वेच्याच खात्यावर आहेत. अशा किती विहिरी, किती बागा, किती घरांचे वरचे मजले थांबले असतील ते एखाद्यानं गावोगाव फिरून लिहायला पाहिजे. मला वाटतं, पुढाऱ्याचं आश्वासन खोटं ठरलं तर काही बिघडत नाही, फक्त ते मिळत नाही, हा आपला गोड समज आहे. आश्वासन फुकट पडत नाही. त्याचं भाडं आपणच भरत असतो.

माझ्या वडिलांनीही भरलं, जरा वेगळं. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा "नियोजित स्टेशनपासून पाच मिनिटांवर" अशा जाहिरातीचा एक ले-आउट पडला होता. त्यात त्यांनी एक प्लॉट घेतला. मी म्हटलं, बाबा, स्टेशन कुठं होणार ते तरी ठरलंय का? तर म्हणाले, "भूगोल मी शिकवलाय की तू?" पुढची बारा-पंधरा वर्षं आमच्याकडे त्याला "स्टेशनजवळचा प्लॉट" असंच म्हणतात. "स्टेशनजवळच्या प्लॉटवर गवत फार माजलंय." "स्टेशनजवळच्या प्लॉटचा कर भरला का?" स्टेशन नाही, स्टेशनजवळचा प्लॉट मात्र आहे. :-)

आणि आता सगळ्यात मोठी गंमत. त्या प्लॉटची किंमत वाढली, चांगली वाढली. रेल्वेमुळे नव्हे, हायवेमुळे. तुळजापूर-नागपूर राष्ट्रीय महामार्ग, क्रमांक ३६१, तो चारपदरी झाला, आणि तो उमरखेडवरूनच जातो. रस्त्याचं भूमिपूजन कधी झालं ते आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही. त्याची वाट कुणी पाहिली नव्हती, ॲटलासमध्ये रेघ कुणी मारली नव्हती. तो आला. यातून काय समजायचं ते तुम्ही ठरवा, मी अजून ठरवलेलं नाही.

माझा एक सिद्धांत मात्र आहे, तो सांगून टाकतो. रेल्वे रखडली की लोक म्हणतात पैसा नाही, जमीन मिळत नाही, वनखात्याची परवानगी नाही. हे सगळं खरंच असतं. नवी लाइन ही रस्त्यासारखी कुठूनही सुरू करता येत नाही. माती-पूल मधे कुठंही होतील, पण रूळ, स्लीपर, खडी वाहून न्यायला जुन्या चालू लाइनचा आधार लागतो. म्हणून ती टोकाकडून तुकड्या-तुकड्यानं उघडते. प्रत्येक तुकडा रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी तपासल्याशिवाय प्रवासी गाडी धावत नाही. पुसदच्या बाजूला डोंगर आहेत. खर्च वाढत वाढत तीन हजार कोटींच्या पुढे गेला. हे सगळं मान्य. पण त्याखाली आणखी एक कारण आहे: या लाइनीला मालक नाही.

बघा ना. वर्ध्याच्या टोकाला मध्य रेल्वे, नांदेडच्या टोकाला दक्षिण मध्य रेल्वे. अर्धा मार्ग विदर्भात, शेपूट मराठवाड्यात. यवतमाळकरांना वर्ध्यापर्यंत पोचायचं आहे. ते एकदा पोचले की त्यांची लाइन झाली. नांदेडकरांना नागपूर पाहिजे, पण त्यांच्याकडे वळशाची का होईना, रेल्वे आहे, आणि मुंबई-पुणे-हैदराबाद त्यांच्यासाठी नागपूरहून महत्त्वाचं. पूर्ण लाइन फक्त मधल्यांना हवी. आणि मधले म्हणजे कोण? पुसद यवतमाळ-वाशिम लोकसभेत. उमरखेड तालुका यवतमाळ जिल्ह्यात, पण खासदार हिंगोलीचा! हो, उमरखेड, किनवट, हदगाव, वसमत, कळमनुरी, हिंगोली मिळून तो मतदारसंघ आहे. म्हणजे कलेक्टर एकीकडे, खासदार दुसरीकडे, बाजार तिसरीकडे. आणि आम्ही कुणाला टिकूही दिलं नाही. २००९ ला सुभाष वानखेडे, २०१४ ला राजीव सातव, २०१९ ला हेमंत पाटील, २०२४ ला नागेश पाटील आष्टीकर. चार निवडणुका, चार खासदार. प्रत्येकाला रेल्वेविषयी विचारलं की प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू. आधीच्यानं काय दिलं होतं याचा जाब नव्यानं का द्यावा? आपण तरी दिला असता का?

मालक असला की काय होतं ते कोकणात दिसतं. कोकण रेल्वेचं स्वप्न आमच्याहून जुनं. पण १९८९-९० साली मधू दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, दोघं एकाच मंत्रिमंडळात. त्यांनी नुसती घोषणा केली नाही, वेगळं महामंडळच काढलं. निम्म्याहून थोडा जास्त वाटा रेल्वेचा, बाकी महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ यांचा. लागणारा मोठा पैसा रोख्यांतून. आणि डोक्यावर ई. श्रीधरन. जबाबदार माणूस एक, काम एकच. १९९० ला सुरुवात, जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर गाडी. तीही सह्याद्रीच्या अंगाखांद्यावरून, ७६० किलोमीटर.

आणि भांडणं तिथंही झालीच. गोव्यात लोक म्हणाले, किनाऱ्याजवळच्या गावांतून, खाजणांतून लाइन नको, आतल्या बाजूनं दुसऱ्या मार्गानं न्या. आंदोलन पेटलं. केंद्रानं १९९३ मध्ये न्यायमूर्ती ओझांचा आयोग नेमला, वादातल्या भागातलं काम थांबलं. शेवटी मूळ मार्गच राहिला. आमच्या डोक्यावरच्या अकोला-खंडवा लाइनीचंही असंच. पूर्वी काचीगुड्याहून जयपूरला जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस हिंगोली-वाशिम-अकोला करत तिकडूनच जायची. बाबा लहानपणी मला तिच्याविषयी असं सांगत जसं इतर पोरांना विमानाविषयी सांगतात. पूर्णा-अकोला २००८ मध्ये ब्रॉडगेज झालं, अकोला-खंडवा मीटरगेज २०१७ पासून बंद. ती लाइन मेळघाटच्या वाघांच्या जंगलातून जाते. जुन्याच मार्गानं रुंद करायची की जंगलाबाहेरून नव्यानं फिरवायची यावर वर्षानुवर्षं वाद. २०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीही पर्यायी मार्ग घ्यावा असं रेल्वेमंत्र्यांना लिहिलं होतं. वाघांची बाजू मला पटते, बाहेरच्या गावांनाही स्टेशन मिळेल. पण मुद्दा तो नाही. तिथं लाइन कुठून न्यायची यावर माणसं भांडतात तरी. भांडण म्हणजे कुणाला तरी ती आपली वाटते. आमच्या रेघेवर एवढ्या वर्षांत खरं भांडण झालंच नाही. निवेदनं झाली, सत्कार झाले.

नाउमेद करायला हे लिहीत नाहीये. बीडचं उदाहरण आहेच. नगर-बीड-परळीची घोषणा नव्वदच्या दशकातली, तिच्यावर विनोद करून करून बीडचे लोक थकले होते. आष्टीपर्यंत गाडी २०२२ मध्ये आली आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, बीडला पोचली. आणि आमच्याही लाइनीवर एक गाडी आहे! २८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधान यवतमाळला आले होते, तेव्हा वर्धा-कळंब या पहिल्या तुकड्यावर गाडी सुरू झाली. चाळीसेक किलोमीटर. मंजुरीपासून सोळा वर्षांत चाळीस. या वेगानं २८४ ला किती वर्षं लागतील हे गणित बाबांनी त्याच संध्याकाळी केलं. उत्तर एकशे तेरा वर्षं आलं. मी म्हटलं, हे गणित चुकीचं आहे, सुरुवातीची वर्षं कागदातच जातात, पुढचा वेग वेगळा असतो. "भूगोल मी शिकवला, गणित तू शिकव," ते म्हणाले.

पुतणीकडे वळतो, कारण तिच्या निमित्तानं एक गोष्ट मला खटकली. उमरखेडला एसटीचा डेपो आहे. पण रात्री नागपूरहून परत येताना एकट्या पोरीला भरवशाची, वेळेवर सुटणारी गाडी आहे का, हे ग्रुपवर कुणालाच नक्की सांगता येईना. खाजगी ट्रॅव्हल्सचे नंबर आले, कुणाच्या ओळखीचा ड्रायव्हर आला. बाबांनी, दादांनी, आम्ही सगळ्यांनी मिळून रेल्वेसाठी किती निवेदनांवर सह्या केल्या असतील! बसची वेळ बदला, एक फेरी वाढवा, स्टँडवर दिवा लावा, म्हणून सही केल्याचं मला आठवत नाही. येणाऱ्या रेल्वेपुढे बस मागणं म्हणजे कमीपणाच वाटत असावा. आणि बस मागितली तर ती कदाचित द्यावी लागते. रेल्वेचं बरं असतं, ती फक्त कबूल करावी लागते. माझी पुढाऱ्यांकडे आता एवढीच तक्रार आहे.

ज्यांना खरंच पाठपुरावा करायचा आहे त्या आमच्या तरुण भावंडांना एक सुचवतो. भाषणं ऐकू नका. रेल्वेचं दर वर्षी एक पुस्तक निघतं, पिंक बुक म्हणतात, प्रत्येक कामापुढे त्या वर्षी किती रुपये ठेवले ते त्यात असतं. देशातल्या काही मंजूर प्रकल्पांपुढे एका वर्षात चक्क एक हजार रुपये ठेवल्याचंही त्यात दिसलंय. एक हजार! एवढ्यात उमरखेडहून नागपूरची बसची ये-जा होते. तो आकडा उमेदवारासमोर ठेवा आणि विचारा, पुसद-उमरखेड-हदगाव या तुकड्याला यंदा किती? एकूण प्रकल्पाला किती, असं विचारू नका. एकूणमध्ये आपण कायम हरवतो.

शेवटी बाबांची हकीकत, नाही तर ते रागावतील. २०२४ च्या दिवाळीनंतर त्यांनी हट्टच धरला, मला आपल्या लाइनवर बसायचंय. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे बोलतात, तरी. मग गाडी करून आम्ही दोघं कळंबला गेलो. आधी चिंतामणीचं दर्शन घेतलं, मग स्टेशन. नवं कोरं, रंगाचा वास अजून गेला नव्हता असं मला वाटलं. वर्ध्याला गेलो, परतीच्या गाडीनं कळंबला आलो. जाताना भिडी आली, देवळी आली, प्रत्येक पाटी त्यांनी मोठ्यानं वाचली. समोर बसलेल्या बाईंनी विचारलं, "आजोबा, कोणत्या गावचे?" ते म्हणाले, "उमरखेडचे. याच लाइनवर आहे." बाईंनी मान डोलावली. त्यांना उमरखेड ठाऊक नव्हतं हे मला कळलं, बाबांनाही कळलं असावं.

परत कळंबला उतरल्यावर ते फलाटाच्या यवतमाळकडच्या टोकाला गेले. काठी टेकवून बराच वेळ पलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इथून घर किती?"

मी फोनमध्ये पाहिलं. सव्वाशेच्या पुढे.

"मग चल लवकर," बाबा म्हणाले. "गाडीवाल्याला सांग, महागावपाशी चहा घेऊ. अंधारात तो पुलाजवळचा डांबरी तुकडा बरा नाही."